समजून घ्या : घरी बनवलेला ॲम्प्लिफायर ‘घूं’ का करतो? आवाज कुठून येतो, कसा थांबवायचा?

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण त्याच तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण घरी जोडलेल्या ॲम्प्लिफायरवर लावले की मागे ‘घूं’ सुरू होते. एलए ४४४० किंवा टीडीए २०३० आयसीवर ॲम्प्लिफायर बनवणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव येतो. अशा वेळी नवे सुटे भाग आणण्याआधी आवाज ओळखणे महत्त्वाचे.

हा आवाज येतो कुठून?

सातारा जिल्ह्यातील कोयनेची वीज असो वा अन्य प्रकल्पाची, ग्रिडची वारंवारता एकच, ५० हर्ट्झ. ब्रिज रेक्टिफायर या लहरीचे दोन्ही अर्धे भाग वापरतो, म्हणून डीसीमध्ये उरणारा चढउतार १०० हर्ट्झचा असतो. ५० हर्ट्झचा खोल आवाज बहुधा ट्रान्सफॉर्मरजवळून गेलेल्या किंवा उघड्या वायरमधून शिरतो. १०० हर्ट्झचा थोडा वरचा आवाज पॉवर सप्लायकडे किंवा चुकीच्या ग्राउंडकडे बोट दाखवतो.

काळी एकला जुळवलेल्या पुरुषी तंबोऱ्याच्या पंचमाची तार सुमारे १०४ हर्ट्झला वाजते. म्हणजे १०० हर्ट्झची ‘घूं’ उतरलेल्या, बेसूर पंचमासारखी सतत सोबत राहते. म्हणूनच ती फिल्मी गाण्यात दडते, तंबोऱ्यात मात्र कानाला टोचते.

दोष कुठे आहे, हे कसे शोधायचे?

व्हॉल्यूम शून्यावर आणा. आवाज गेला तर दोष इनपुटकडे, म्हणजे मोबाइल, वायर किंवा प्रीॲम्पकडे आहे. तसाच राहिला तर पॉवर सप्लाय किंवा ग्राउंड तपासा. मोबाइल वा लॅपटॉपचा चार्जर काढताच आवाज थांबला, तर सर्किटला हात लावायची गरज नाही.

उपाय काय?

- फिल्टर कपॅसिटर : १ अँपिअर प्रवाहाला २२०० मायक्रोफॅरडवर ढोबळ हिशोबाने साडेचार व्होल्टचा चढउतार राहतो, १०,००० मायक्रोफॅरडवर एक व्होल्टचा. १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरनंतर डीसी १६-१७ व्होल्टपर्यंत जातो, म्हणून कपॅसिटर किमान २५ व्होल्टचा घ्या.
- ग्राउंड : स्पीकरचा मोठा प्रवाह आणि इनपुटचा नाजूक सिग्नल एकाच वायरने परत नेऊ नका. प्रत्येक ग्राउंड वेगळ्या वायरने आणून फिल्टर कपॅसिटरजवळ एका बिंदूला जोडा. अनेकदा एवढ्यानेच काम होते.
- इनपुट वायर : शील्ड असलेली, शक्य तितकी आखूड वापरा. ती ट्रान्सफॉर्मरपासून दूर ठेवा. व्हॉल्यूम कंट्रोलची धातूची बॉडी ग्राउंड करा.

‘सूं’ आणि खरखर वेगळी का?

घूं गेल्यावर मागे राहणारी ‘सूं’ ही इलेक्ट्रॉनच्या उष्णतेमुळे होणाऱ्या हालचालीची असते. जॉन जॉन्सन यांनी ती मोजली आणि हॅरी नायक्विस्ट यांनी तिचे गणित मांडले; दोघांचे निबंध १९२८चे. १०० किलोओहमच्या रेझिस्टरमध्ये ऐकू येणाऱ्या पट्ट्यात ती सुमारे ५.७ मायक्रोव्होल्ट, तर १० किलोओहममध्ये १.८ मायक्रोव्होल्ट असते. इनपुटला कमी किमतीचे रेझिस्टर आणि गरजेपुरताच गेन ठेवला की ती कमी होते. पूर्ण जात नाही. व्हॉल्यूम फिरवताना होणारी खरखर मात्र कंट्रोलमधील धूळ किंवा झिजेची असते. तो साफ करा, नाहीतर बदला.

कोणता उपाय अजिबात करू नये?

‘अर्थिंगची पिन काढून टाका, आवाज थांबेल’ असा सल्ला हमखास मिळतो. आवाज कधी कधी थांबतोही. पण ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन खराब झाले, तर धातूच्या पेटीत २३० व्होल्ट उतरू शकतात. मंडपात ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसासाठी ते जीवघेणे ठरेल. त्याऐवजी सर्व उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा. तरीही आवाज राहिला तर सिग्नलच्या वायरमध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवा. पेटी उघडण्यापूर्वी प्लग काढा आणि कपॅसिटर रिकामा झाल्याचे मीटरने तपासा.

शेवटची चाचणी सोपी आहे. तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण हळू आवाजात लावा. पंचम स्वच्छ ऐकू आला, की काम झाले.