खिडकीतल्या पाण्याचे भाडे कोणाच्या पदरात?

सुट्टीचे दिवस जवळ आले की शहरी वर्तमानपत्रांत एक जाहिरात हटकून दिसते. निळा समुद्र, माडांची रांग, उंच इमारतीच्या माथ्यावर एक प्रशस्त दालन आणि त्याच्या गच्चीत आरामखुर्चीवर बसलेले जोडपे. खाली बारीक अक्षरांत एका रात्रीचे भाडे दिलेले असते. तो आकडा वाचून घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, "एवढ्या पैशांत दारात दुभती म्हैस येईल की!"

थट्टा बाजूला ठेवू. पण हा पैसा नेमका कशाचा घेतात आणि तो कोणाच्या घरात जातो, हे शेतकरी कुटुंबाने समजून घेण्यासारखे आहे. कारण हा धंदा आता समुद्रापुरता राहिलेला नाही. धरणांच्या जलाशयांकाठीही तो येऊन पोचला आहे. नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यात नर्मदेच्या काठी मणिबेली नावाचे गाव आहे. तिथून थोड्याच अंतरावर, राज्याच्या सीमेपलीकडे, पर्यटकांसाठी थंडगार हवेचे तंबू उभे आहेत. म्हणून आधी समुद्रकाठच्या महालाचा हिशेब पाहू आणि मग मणिबेलीला येऊ.

महालात असते तरी काय?

इमारतीच्या अगदी वरच्या मजल्यावर बांधलेल्या आलिशान घराला पेंटहाऊस म्हणतात. सुइट म्हणजे एकाच बिऱ्हाडाला मिळून दिलेल्या दोन-तीन खोल्या. बसायला दिवाणखाना, निजायला वेगळी खोली, ऐसपैस न्हाणीघर आणि समुद्राकडे तोंड केलेली गच्ची. काही ठिकाणी गच्चीतच छोटा पोहण्याचा हौद असतो. रोज धुतलेल्या चादरी, सकाळची न्याहारी, हाकेसरशी येणारा नोकर हे सारे आलेच. अशा हॉटेलात एका खोलीमागे एकाहून अधिक माणसे राबत असतात. धोबी, माळी, आचारी, सफाईवाल्या बाया आणि पहारेकरी पाहुण्याला फारसे दिसत नाहीत, पण त्यांच्या कष्टावरच तो आराम उभा असतो.

शिवाय रिकामी खोली म्हणजे बाजारात न खपलेली मेथीची जुडी. आजची रात्र आज गेली नाही तर उद्या ती विकता येत नाही. म्हणून डिसेंबरात भाडे आभाळाला भिडते आणि पावसाळ्यात खाली येते. कोणाच्या घरी नव्या जोडप्याने समुद्र पाहण्याचा हट्ट धरलाच, तर गर्दीचे दिवस टाळावेत. रात्रीला साडेसात हजारांवर भाडे असलेल्या खोलीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. तेव्हा करासह एकूण किती द्यायचे, हे आधीच विचारून घ्यावे.

रस्त्याकडची खोली, पाण्याकडची खोली

आता खरी गंमत पाहा. एकाच हॉटेलात एकाच मापाच्या दोन खोल्या असतात. गादी तीच, न्याहारी तीच, नोकरही तोच. एकीच्या खिडकीतून रस्ता दिसतो, दुसरीच्या खिडकीतून समुद्र. समुद्राकडच्या खोलीचे भाडे जास्त असते. सर्वांत वरच्या महालाचे तर विचारूच नका, कारण तिथून सगळीकडचे पाणी दिसते.

हे जास्तीचे भाडे ना विटांचे, ना सिमेंटचे. ते खिडकीतल्या पाण्याचे भाडे आहे. आणि ते पाणी हॉटेलवाल्याने निर्माण केलेले नाही. त्याने फक्त पाण्याकाठची जमीन हाती घेतली आहे. ज्याच्या हाती काठ, त्याच्या पदरात भाडे. या धंद्याची ही मुख्य गोम आहे.

गोव्याने काय पाहिले?

आपल्याकडे समुद्रकाठच्या अशा मुक्कामाची सुरुवात ज्यांनी केली, त्यांत गोव्यातील सिकेरीचे फोर्ट आग्वाद हे हॉटेल प्रमुख आहे. पोर्तुगीजांनी १६१२ साली बांधलेल्या किल्ल्याच्या परिसरात ताज समूहाने १९७४ मध्ये ते सुरू केले. नोव्हेंबर १९८३ मध्ये राष्ट्रकुल देशांचे प्रमुख दिल्लीच्या परिषदेतून विश्रांतीसाठी गोव्याला आले, तेव्हा त्यांच्यासाठी तिथल्या टेकडीवर खास बंगले बांधले गेले. गोव्याच्या किनाऱ्याचे नाव जगभर झाले आणि काठच्या जमिनींचे भाव चढत गेले.

किनाऱ्यावर बांधकामांची दाटी होईल, हा धोका सरकारलाही दिसत होता. १९८१ साली पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा मोकळा ठेवण्यास सांगितले. पुढे १९९१ मध्ये किनारपट्टी नियमनाची अधिसूचना निघाली. हॉटेलांमुळे कित्येकांना नोकऱ्या मिळाल्या, भाजी-मासळीला गिऱ्हाईक मिळाले, हे खरेच. पण ज्याने भरातली जमीन एकदाच विकून टाकली, त्याला तिच्यावर दरवर्षी वाढणाऱ्या भाड्यातला एक रुपयाही मिळत नाही. मुलगा त्याच जमिनीवर पहारेकरी म्हणून उभा राहिला, तर महिन्याचा पगार तेवढा मिळतो.

कोकणात तारकर्ली-मालवणकडे दुसरी वाटही दिसते. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तिथे अनेक कुटुंबांनी जमीन न विकता राहत्या घरातल्या दोन-चार खोल्या पाहुण्यांना दिल्या. निवास-न्याहारी योजना अशाच घरांसाठी आहे. गच्चीतला हौद तिथे नाही, पण समुद्र तोच आहे आणि भाडे घरात येते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. पाहुण्यांचे रांधणे-वाढणे, खोल्या झाडणे हे बहुधा घरच्या बाईच्या अंगावर पडते. तिच्या कष्टाची मजुरी हिशेबात धरली नाही, तर तो नफा खोटा ठरतो.

मणिबेलीचे पाणी

मणिबेलीकडे पाणी आहे, पण ते तिने मागितले नव्हते. सरदार सरोवर धरणाच्या वरच्या अंगाला नर्मदेच्या दक्षिण तीरावर हे आदिवासी गाव वसले आहे. धरणात महाराष्ट्राची ३३ गावे बाधित झाली. त्यांत सर्वांत आधी पाणी आले ते मणिबेलीत. १९९० नंतरच्या पावसाळ्यांत इथे सत्याग्रह झाले. १९९३ मध्ये घरे आणि शेते बुडाली. काठचे जुने शूलपाणेश्वराचे मंदिरही पाण्याखाली गेले. त्याचे नवे मंदिर गुजरातेत गोरा येथे बांधण्यात आले. १९९४ मध्ये मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा पुरवू नये, अशी मागणी करणारा जाहीरनामा जगभरच्या संघटनांनी काढला. त्याला नाव दिले मणिबेलीचे.

नर्मदा पाणी तंटा लवादाच्या १९७९ च्या निवाड्यानुसार पाव हिश्शाहून अधिक जमीन गेलेल्या खातेदाराला किमान २ हेक्टर, म्हणजे सुमारे ५ एकर ओलिताची जमीन द्यायची होती. काही कुटुंबे गुजरातेत परवेट्याला गेली, काही डोंगराच्या चढावर सरकून राहिली. धरणाची उंची पुढे १३८.६८ मीटर झाली आणि २०१९ मध्ये जलाशय प्रथमच काठोकाठ भरला. जिथे नदीकाठची सुपीक जमीन होती, तिथे आता खोल, शांत पाणी आहे. भोवती सातपुड्याचे डोंगर आहेत. शहरी माणूस ज्या देखाव्यासाठी खिसा मोकळा करतो, तो हाच.

धरणाच्या खालच्या अंगाला ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी १८२ मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा खुला झाला. त्यापाठोपाठ हॉटेले आणि तळ्यांकाठचे आलिशान तंबू आले. केवडियाच्या परिसरातील सहा गावांची जमीन १९६१ च्या सुमारास धरणाच्या कामासाठी घेतलेली होती. पर्यटनाचा पसारा वाढू लागला तेव्हा तिथल्या आदिवासींनी विचारले, "जमीन धरणासाठी घेतली होती ना, मग हॉटेलांसाठी कशी?" हा प्रश्न मणिबेलीच्या दारातला आहे.

काठ आपल्या हाती राहावा

उद्या जलाशयाच्या महाराष्ट्राकडील काठावरही पर्यटक येतील. ते येऊ नयेत असे कोणी म्हणणार नाही. सातपुड्याजवळ त्यांना देण्यासारखे पुष्कळ आहे. काठीची राजवाडी होळी आहे, धडगावकडचे आमचूर आहे, मोह आहे, मक्याची भाकरी आणि जलाशयाची मासळी आहे. पण येणाऱ्या पैशाला वाट कोणती करून द्यायची, हे गावाने आधी ठरवले पाहिजे.

कायदा इथे गावाच्या मदतीला आहे. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीच्या नावे करण्यास महाराष्ट्रात १९७४ पासून कडक निर्बंध असून सरकारी परवानगीवाचून ती होत नाही. हा अनुसूचित भाग असल्याने १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी विचारविनिमय करावा लागतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने कसत असलेल्या वनजमिनीवरचा हक्क मागता येतो. ज्यांचा सातबारा किंवा वनपट्टा अजून झालेला नाही, त्यांनी आधी त्यामागे लागावे. कागद नसेल, तर वाटाघाटीला बसायला जागाच उरत नाही.

कोणी कंपनी किंवा खाते गावात आले, तर ग्रामसभेत सरळ विचारावे: जमीन कायमची घेणार की भाड्याने? भाडे किती वर्षांनी वाढेल? पर्यटकांच्या होड्या कोण चालवील, बाहेरचा ठेकेदार की गावची सहकारी संस्था? नोकऱ्या किती, कोणत्या, आणि त्यासाठी पोरापोरींना शिक्षण कोण देणार? उत्तरे ठरावात लिहून घ्यावीत. तोंडी आश्वासनांचा अनुभव या गावांनी पुरेसा घेतला आहे.

आणखी एक गोष्ट. या काठच्या पाड्यांवर दवाखाना, रेशन आणि शाळा यांची वाट आजही होडीवर अवलंबून असते. शेजारच्या चिमलखेडीची अंगणवाडी कार्यकर्ती २०२० मध्ये गरोदर बाया आणि तान्ह्या बाळांपर्यंत पोचण्यासाठी स्वतः होडी वल्हवत जाई. तेव्हा पर्यटकांच्या होडीसाठी धक्का बांधला जाईल, त्याच दिवशी बाळंतिणीच्या होडीलाही तो मोकळा असावा, अशी अट गावाने घातली तर तिला कोणी अवाजवी म्हणू शकणार नाही. खिडकीतल्या पाण्याचे भाडे मागण्याचा हक्क ज्यांनी त्या पाण्याखाली आपली शेते घातली, त्यांचा सर्वांत आधी आहे.