वर्धा पाहायचं तर मुक्कामाला या

नागपूरहून सकाळी गाडी काढायची, सेवाग्रामला बापू कुटीसमोर फोटो घ्यायचा, पवनारला धाम नदीत पाय बुडवायचे आणि दिवे लागायच्या आत परत. वर्ध्याला येणारे बहुतेक पाहुणे असेच येतात आणि आम्हा वर्धेकरांच्या ते जिवाला लागतं. नागपूर जेमतेम पाऊणशे किलोमीटर, मग मुक्काम कशाला, असा त्यांचा हिशेब. माझं सांगणं आहे, एक रात्र तरी राहाच. हिवाळ्यात या, मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो.

रेल्वेनं येणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. मुंबई-हावडा मार्गावरचं स्टेशन वर्धा जंक्शन. दिल्लीहून चेन्नई-हैदराबादकडे जाणाऱ्या अनेक गाड्या मात्र सेवाग्राम जंक्शनला थांबतात. ते स्टेशन वर्धा शहरालगतच आहे. आश्रम तिथून बराच पुढे, त्यामुळे ऑटो करावा लागतो.

सुरुवात शहरापासून करा. गांधीजी इथेच का आले, याचं उत्तर शहरात आहे, सेवाग्रामला नाही. ते उत्तर म्हणजे इथले उद्योगपती जमनालाल बजाज. त्यांच्या आग्रहावरून १९२१ मध्ये विनोबा वर्ध्यात आले आणि सत्याग्रहाश्रम सुरू झाला. जुलै १९२८ मध्ये जमनालालजींनी आपल्या घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुलं केलं. काळाराम मंदिराचा सत्याग्रहसुद्धा त्यानंतरचा, १९३० चा. आज भर वस्तीतल्या या मंदिरापुढून पर्यटकांच्या गाड्या न थांबता निघून जातात. तुम्ही थांबा.

१९३० मध्ये दांडीला निघताना गांधीजींनी स्वराज्य मिळाल्याशिवाय साबरमतीला न परतण्याचा निश्चय केला होता. जमनालालजींनी त्यांना वर्ध्याला आणलं. १९३४ मध्ये मगनवाडीत ग्रामोद्योग संघ उभा राहिला, त्याची धुरा जे. सी. कुमारप्पांनी वाहिली. तिथलं मगन संग्रहालय १९३८ चं. तऱ्हेतऱ्हेचे चरखे इथे बघायला मिळतात. चरखा सुधारण्यासाठी डोकं लावणाऱ्यांत एक पोलिश माणूसही होता. वॉर्सात जन्मलेले इंजिनिअर मॉरिस फ्रिडमन गांधीजींच्या सहवासात राहून भारतानंद झाले.

दुपार कलल्यावर सेवाग्राम. एप्रिल १९३६ मध्ये गांधीजी इथे राहायला आले तेव्हा हे शेगाव होतं. शेगाव नावाच्या दुसऱ्या गावाशी टपालाचा घोळ होऊ लागला म्हणून १९४० मध्ये नाव बदललं. आधी आदी निवास बघा. सुरुवातीला सगळे त्या एकाच घरात राहत. बापू कुटी मुळात गांधीजींच्या शिष्या मीराबेनची. मातीच्या भिंतीवर त्यांनी उठावात घडवलेली ताडाची झाडं, चरखा आणि ॐ अजून आहेत. साप न मारता पकडून दूर सोडायचा, म्हणून ठेवलेला लाकडी चिमटा आणि पिंजरा बघा. व्हाइसरॉयला गांधीजींशी बोलता यावं म्हणून बसवलेल्या टेलिफोनची पेटीही आश्रमात आहे. एवढ्याशा जागेत बसून हा माणूस साम्राज्याशी बोलत होता आणि सापाचीही काळजी वाहत होता! जानेवारी १९७८ मध्ये विचारवंत इव्हान इलिच बापू कुटीत येऊन बसले आणि माणसाला घर किती लागतं, यावर सेवाग्रामच्या परिषदेत बोलले. तुम्हीही मोबाइल खिशात ठेवून दहा मिनिटं बसा. जवळच परचुरे कुटी आहे. कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींची शुश्रूषा गांधीजी स्वतः करत. संध्याकाळी सहाच्या सुमारास उघड्यावर सर्वधर्म प्रार्थना होते. दिवसाच्या सहली नेमकी तिलाच मुकतात. मुक्काम कशाला, याचं माझं उत्तर ही प्रार्थना आहे.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत पवनार गाठा. तब्येत ढासळलेले विनोबा १९३८ मध्ये इथे आले आणि रोज जमीन खणू लागले. खणताना मूर्ती लागल्या, त्यातली भरत-राम भेटीची मूर्ती त्यांच्या मनात कायमची बसली. ती आश्रमात आहे. दोघे भाऊ भेटतात तो क्षण दगडात नीट न्याहाळा. या मूर्ती वाकाटककालीन मानतात आणि वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजे हेच पवनार, असं इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींचं मत होतं. १९५९ पासून इथे स्त्रियांचं ब्रह्मविद्या मंदिर आहे. शेती, स्वयंपाक, निर्णय सगळं त्यांचं. त्यांच्या कामात कॅमेरा खुपसू नका. गांधीजींच्या अस्थी धाम नदीत विसर्जित झाल्या, त्याच्या स्मरणार्थ दर १२ फेब्रुवारीला इथे मेळा भरतो. खादीचं सूत अर्पण करायला लोक लांबून येतात.

परतताना गीताई मंदिर आणि विश्वशांती स्तूप एकाच आवारात उरकतात. गीताई मंदिराला छप्पर नाही, शिळांवर विनोबांच्या गीताईचे अठरा अध्याय कोरलेले आहेत. जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, तेव्हा ती सोय शोधू नका. घरी न्यायला गोरस भांडारातला गोरसपाक घ्या. जमनालालजींनी अखेरच्या काळात गोसेवेला वाहून घेतलं होतं, त्या कामाची चव त्यात आहे. आणखी एक दिवस हाताशी असेल तर सेलू तालुक्यात बोर व्याघ्र प्रकल्प आहे. वाटेत केळझरच्या गणपतीलाही जाऊन या.