पाण्याचे मोल शेतकऱ्यास कसे विचारावे?

धुळे जिल्ह्यातील पांझरा नदीवरील फड पद्धतीत पाण्याचे मोल शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या स्वतःच ठरविले. बंधाऱ्याच्या थळाचे फड पाडावयाचे, एका फडात एकच पीक घ्यावयाचे आणि पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्यास धान्यरूपाने मोबदला द्यावयाचा, असा तेथील रिवाज. मोबदला प्रत्यक्ष दिला जात असल्याने शेतकऱ्याची तयारी निराळी अजमावावी लागत नसे.

जळगाव जिल्ह्यात गिरणेच्या कालव्यांवर मात्र ती अजमावणे अगत्याचे आहे. सिंचन व्यवस्थापनाच्या 2005 च्या अधिनियमान्वये पाणी वापर संस्थेस सभासदांची पाणीपट्टी ठरविता येते. दर अपुरा ठेवल्यास चाऱ्यांची दुरुस्ती खोळंबते. भारी ठेवल्यास लहान खातेदार पाण्याची मागणीच करीत नाही.

अशा वेळी "आपण किती द्याल?" असा प्रश्न विचारू नये. पट्टी वाढेल या धास्तीने कोणी आकडा कमी सांगतो, तर काम लवकर व्हावे म्हणून कोणी तो फुगवितो. अमेरिकेत केनेथ ॲरो व रॉबर्ट सोलो यांच्या अध्यक्षतेखालील मंडळानेही 1993 साली मतदानासारखा होय-नाही प्रश्नच श्रेयस्कर ठरविला. त्याची रीत अशी :

(1) कालव्याच्या मुखाकडील, मधल्या व शेवटच्या भागांतील खातेदार यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडावेत.

(2) चिठ्ठ्यांनीच त्यांचे सारखे गट पाडावेत. प्रत्येक गटास एकच दर सांगून, त्या दराने खात्रीची पाळी घेणार की नाही, एवढेच विचारावे.

(3) होकारांची टक्केवारी दरवार मांडावी.

उदाहरणादाखल प्रत्येकी 50 जणांचे चार गट कल्पू. एकरी 500, 1,000, 1,500 व 2,000 रुपये या दरांना अनुक्रमे 90, 70, 40 व 10 टक्के होकार मिळाले. 90 मधून 70 वजा जाता उरलेले 20 टक्के लोक निदान 500 रुपये देतील. त्याच न्यायाने 30 टक्के 1,000, आणखी 30 टक्के 1,500 व 10 टक्के 2,000 रुपये देतील. उरलेले 10 टक्के शून्य धरावेत. सरासरी 1,050 रुपये येते. हा सावध, म्हणजे खालच्या बाजूचा अंदाज होय. कारण 1,400 रुपये देऊ शकणाराही यात 1,000 रुपयांवरच धरला आहे. शिवाय गट लहान असल्याने 70 टक्क्यांचा खरा आकडा 57 ते 83 टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो, हे विसरू नये.

तथापि सरासरी म्हणजे दर नव्हे. वरील उदाहरणात 1,000 रुपयांसच 30 टक्के खातेदार नकार देतात. ते कोण, हे पाहणे कार्यकर्त्याचे कर्तव्य आहे. ते बहुतांशी शेवटच्या भागातील अल्पभूधारक असतील, तर त्यांचा नकार पाण्याची गरज नसल्याचा नव्हे, तर ऐपत नसल्याचा असू शकतो. सबब दराचा ठराव सभेपुढे ठेवताना सरासरीबरोबर भागवार होकारांचा तक्ताही अवश्य वाचून दाखवावा.