काठावरची घरे आणि कानबाईचा पाट

खानदेशाला समुद्र नाही. भरती-ओहोटीचे गणित आणि नारळी पौर्णिमेची सागरपूजा या गोष्टी आम्ही कोकणातल्या सोयऱ्यांकडून ऐकलेल्या. परंतु काठ मात्र आम्हांस उदंड लाभले. तापी, गिरणा, पांझरा, वाघूर, बोरी या नद्यांच्या काठांवर आमची गावे वसली, वाढली आणि कधी पुरात वाहून पुन्हा उभी राहिली. श्रावणात नागपंचमीनंतरचा पहिला रविवार उजाडला की या काठांना वेगळीच जाग येते. त्या दिवशी घरोघर कानबाई बसते, आणि सोमवारी सकाळी तिला वाजतगाजत पाण्यापाशी न्यावयाचे असते.

समुद्रकाठच्या उपनगरांत घराचा भाव खिडकीतून पाणी किती दिसते यावर ठरतो, असे म्हणतात. आमच्याकडे पांझरेच्या पलीकडचे देवपूर आणि तलावाच्या शेजारचे मेहरूण ही अशीच काठावरची उपनगरे. पहिले धुळ्याचे, दुसरे जळगावचे. तेथेही अलीकडे जागेला चांगला भाव आला आहे. मळ्यांचे प्लॉट झाले, प्लॉटांवर रो-हाऊस आणि फ्लॅट उभे राहिले. घराची मोजणी चौरस फुटांत होऊ लागली. या मोजणीला आमचा आक्षेप नाही. खरेदीखत तिच्यावाचून होत नाही. तथापि कानबाईचीही एक मोजणी आहे, आणि सणाच्या निमित्ताने ती ध्यानी आणून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

कुळाची मोजदाद

कानबाईला घरात तीन गोष्टी लागतात. सगळे भाऊबंद बसतील एवढी स्वच्छ जमीन, माणशी मोजलेले धान्य आणि पाण्यापर्यंत जाणारी मोकळी वाट.

सणाआधी घराची झाडलोट आणि रंगसफेदी होते. मग रोटांचे गहू मोजावयास घेतात. घरातल्या माणसांच्या संख्येवर, बहुतेक कुळांत पुरुषांच्या संख्येवर, सव्वाच्या मापाने हे धान्य काढण्याची चाल आहे. कोठे सव्वा मूठ, कोठे त्याहून मोठे माप. कुळाकुळाची रीत वेगळी. नोकरीसाठी पुण्याला गेलेल्या मुलाचे आणि कारखान्यात लागून सुरतेस राहिलेल्या पुतण्याचेही माप यात पडते. सरकारी शिरगणती दहा किंवा त्याहून अधिक वर्षांच्या अंतराने होते. आमच्या कुळांची मात्र दर श्रावणात होते, आणि तीही गव्हाच्या मुठींनी. रोटांचा प्रसाद भाऊबंदांनी मिळून खावयाचा, असा बहुतेक घरांचा दंडक आहे.

रविवारी चौरंगावर कानबाई मांडतात. नारळालाच देवीचे रूप देऊन नथ आणि दागिने घालतात. पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी असा नैवेद्य होतो. रात्रभर अहिराणी गाणी आणि फुगड्या चालतात. सोमवारी सुवासिनी पाट डोक्यावर घेऊन नदीकडे निघतात. पुष्कळ घरांत परतताना त्याच पाटावर नदीतली मूठभर वाळू घरी आणून ठेवतात. ही रीत आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. घर आणि पाणी यांचा संबंध वर्षातून एकदा हातांनी बांधून घ्यावयाचा, असे जणू त्या मूठभर वाळूतून पूर्वजांनी सांगून ठेवले आहे.

धुळे कसे वसले

जागेची देवघेव आणि समाजजीवन यांचा मेळ कसा बसतो, हे पाहावयाचे असेल तर धुळ्याचा इतिहास बोलका आहे. 1818 साली खानदेश इंग्रजांच्या अमलाखाली आला. पुढच्याच वर्षी कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे जिल्ह्याचे ठाणे म्हणून निवडले. मुलखाच्या मध्यावर आणि मुंबई-आग्रा रस्त्यावर असल्यामुळे ते त्याला सोयीचे वाटले. त्या वेळचे धुळे म्हणजे नदी आणि पाट यांच्यामध्ये दाटलेले, भोवती बागाईत असलेले, चारशेच्या आसपास घरांचे आणि सुमारे अडीच हजार वस्तीचे लहानसे गाव होते. वस्ती वाढावी म्हणून ब्रिग्जने व्यापाऱ्यांना आणि बाहेरून येणाऱ्यांना घरांसाठी जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या. पक्की घरे बांधता यावीत म्हणून जुन्या-नव्या रहिवाशांना रकमाही आगाऊ दिल्या. सरळ, क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या हे आजही धुळ्याचे वैशिष्ट्य आहे. 1872 साली पांझरेच्या मोठ्या पुराने घरादारांची फार हानी केली. शहर पुन्हा उभे राहिले.

त्या गावाला कवेत घेणाऱ्या पाटाची गोष्ट याहून जुनी आहे. पांझरेच्या खोऱ्यात शेकडो वर्षे फड पद्धतीने ओलीत होत आले. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे बहुधा चार फड, आणि एका फडात त्या हंगामाला एकच पीक. शेते निरनिराळ्या मालकांची, पाणी मात्र सर्वांचे. पाळी मोडावयाची नाही, आणि पाट साफ करावयास सर्वांनी यावयाचे. पाणी देणारा पाटकरी कोणा एकाचा नोकर नसे, तो साऱ्या फडाचा असे. जमिनीची मालकी वेगळी आणि पाण्याचा धर्म एक, ही शिस्त आमच्या शेतकऱ्यांनी कोणत्याही कायद्याच्या आधी घालून घेतली होती.

आता त्याच पांझरेच्या उत्तर तीरावर, पूर्वी नदीपलीकडची लहान वस्ती असलेल्या देवपुरात, शाळा-महाविद्यालये आणि वसाहती पसरल्या आहेत. वाडीभोकर रस्ता आणि नकाणे रस्ता यांच्या बाजूंनी घरांच्या रांगा लागल्या. काठावर एकवीरा देवीचे ठाणे आहे. कितीक कुळांची ही कुलस्वामिनी. जावळासाठी आणि नवसासाठी लांबलांबची माणसे येथे येतात. त्यांना देवीपुढे हात जोडून नदीकडे वळावेसे वाटते. त्यांच्यासाठी काठ मोकळा आहे की नाही, हा प्रश्न म्हणूनच एकट्या देवपूरकरांचा नाही.

बोरांची बाग आणि ओपन स्पेस

जळगावचे मेहरूण हे एके काळचे स्वतंत्र गाव. मेहरूणची बोरे महाराष्ट्रभर नावाजलेली. जाणकार बागाईतदार ती वेगळी जात म्हणून ओळखतात. शहर वाढत आले तशी बागांवर मोजणीची साखळी पडली, शेतजमीन बिनशेती झाली, बांधाच्या जागी रस्ते आले. शेत विकणाऱ्या शेतकऱ्याला दोष देता येणार नाही. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, आटलेली विहीर या गोष्टी त्याच्या पाठीशी लागलेल्या असतात. घर घेणाराही गरजवंतच असतो. तलाव मात्र सर्वांचाच राहिला. गणपतीचे विसर्जन तेथे होते, आणि सकाळी फिरावयास येणाऱ्यांची पावलेही तिकडेच वळतात.

नव्या वसाहतींचे रेखांकन मंजूर होताना काही जागा, सामान्यतः दहा टक्के, मोकळी सोडावी लागते. धुळे-जळगावच्या कोणत्याही कॉलनीत विचारा, या जागेला ‘ओपन स्पेस’ याच नावाने सारे ओळखतात. बहुतेक ठिकाणी तेथे मारुतीचे किंवा देवीचे लहानसे मंदिर उभे राहिले आहे. आम्हांस ते आवडते. अनोळखी गावांहून आलेली कुटुंबे त्या ओट्यावरच एकमेकांची झाली. परंतु मंदिरामागून कुंपण येते, कुंपणाला फाटक आणि फाटकाला कुलूप. मग कानबाईच्या रात्री फुगडीला मैदान उरत नाही. देवापुढचे अंगण हाही देवाचाच भाग आहे. ते मोकळे राखणे ही पूजाच होय.

या बाबतीत प्रत्यक्ष समुद्रकाठचा एक दाखला देण्याजोगा आहे. 1896 साली मुंबईत प्लेगने हाहाकार केला. दाट वस्तीचा धडा घेऊन 1898 साली तेथे सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले आणि पुढे दादर-माटुंगा भागाची आखीव वस्ती झाली. दादरच्या किनाऱ्यालगत 1925 साली महापालिकेने एक विस्तीर्ण मैदान लोकांसाठी खुले केले. त्याला प्रथम माहीम पार्क म्हणत; 1927 साली ते शिवाजी पार्क झाले. भोवतीच्या घरांचे भाव आज सामान्यांच्या आवाक्यात नाहीत, पण मैदानावर कोणीही बसू शकतो. त्या उपनगराला समाजजीवन लाभले ते मुख्यतः या मोकळ्या जागेमुळे.

वाटणी आणि रोट

सर्वांत नाजूक प्रश्न घराच्या आतला आहे. गल्लीतला जुना वाडा चार भावांच्या नावावर असतो. एक भाऊ देवपुरात, एक मेहरूणला, एक कल्याणला, एक सुरतेस. वाडा विकून पैसे वाटून घेणे सोपे. परंतु कानबाई कोणाकडे बसावयाची, हे कोणत्याही दस्तात लिहिलेले नसते. मग दोन श्रावण सुने जातात, तिसऱ्या वर्षी ज्याचे त्याचे वेगळे रोट होतात, आणि गव्हाच्या मुठी मोजताना चुलतभावांची मुले किती, हे कोणालाच आठवत नाही. याउलट, जागेवरून वर्षभर अबोला धरलेले भाऊ रोटांसाठी एका पंगतीस बसल्याची उदाहरणे खानदेशात विरळा नाहीत. जे तडजोडीच्या बैठकीने होत नाही ते कधी कधी एका रोटाने होते.

तेव्हा वाडा विकावयाचा ठरला तर खरेदीखताआधी कानबाईचे घर ठरवावे. थोरल्याकडेच असे नव्हे. ज्याच्या घरी भाऊबंदांची पंगत बसू शकेल आणि ज्या घरची सून मनापासून ‘या’ म्हणेल, त्याच्याकडे.

आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रात 1994 साली आणि साऱ्या देशात 2005 साली कायद्याने मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा दिला. तरीही माहेरचे दार उघडे राहावे म्हणून पुष्कळ बहिणी मुकाट्याने हक्कसोडपत्रावर सही करतात. आखाजीला तिला मानाने आणावयाचे, झोक्यावर बसवावयाचे, आणि वाटणीच्या दिवशी कागद पुढे करून बोट दाखवावयाचे, हे देवीच्या घरात शोभत नाही. तिने सही करावी की करू नये हे तिचे तिने ठरवावे. पण तिला आधी विचारावे आणि कागद वाचून दाखवावा. कानबाईची गाणी जिच्या मुखी जिवंत राहिली, ती या घराची कोणीच नाही, असे कसे म्हणावे?

वाट पाहून यावी

वाचकहो, घर लहान असल्याने सण अडत नाही. फ्लॅटच्या दिवाणखान्यातही कानबाई आनंदाने बसते, आणि बसावी. अडते ते जेथे पंगतीला माणूस नाही आणि पाण्याला वाट नाही तेथे. म्हणून नवा प्लॉट घेताना कागदांची छाननी कराल, तेव्हा नकाशातली ओपन स्पेस जागेवर जाऊन पाहून या. आपल्या वसाहतीतून काठाकडे जाणारा रस्ता कोणी बांधून घेतला नाही ना, घाटावर राडारोडा पडला नाही ना, हेही पाहा. निर्माल्य पाण्यात न टाकता वेगळे ठेवण्याची व्यवस्था मंडळींनी मिळून करावी. पाटाची सफाई फडातले सारे मिळून करीत, तसे.

रविवारी कानबाई बसण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांनी एकदा त्या वाटेने पायी जाऊन यावे. पाट डोक्यावर घेतलेली सुवासिनी आणि तिच्या दोहों बाजूंनी गाणाऱ्या बाया अशा पाचजणी सरळ रांगेत पाण्यापर्यंत जाऊ शकतील, एवढी ती रुंद असली की पुरे.