शिक्षेचा निकाल आणि दूरचित्रवाणी

रायपूरच्या आसमंतात दूरचित्रवाणी आली ती शिक्षकाच्या भूमिकेत. ऑगस्ट १९७५ मध्ये सुरू झालेल्या उपग्रह-प्रयोगासाठी सहा राज्यांतील सुमारे २४०० खेडी निवडण्यात आली होती व त्यांत रायपूर भागातील खेडी होती. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन असे विषय त्या संचांवरून ग्रामस्थांना समजावून दिले जात. हेच साधन न्यायदानाविषयी लोकांना कितपत शहाणे करू शकते, हा प्रश्न याच शहरात ३५ वर्षांनी उभा राहिला.

२४ डिसेंबर २०१० रोजी रायपूरच्या सत्र न्यायालयाने डॉ. बिनायक सेन व अन्य दोघांना राजद्रोहाच्या कटाबद्दल दोषी ठरविले आणि त्याच दिवशी जन्मठेपेची शिक्षा फर्माविली. कायद्यानुसार न्यायालय खुले होते; परंतु कॅमेरे होते ते आवाराबाहेर. परिणामी देशभरच्या प्रेक्षकांना पोलिसांची गाडी दिसली, वकिलांच्या आणि आप्तांच्या प्रतिक्रिया ऐकू आल्या. न्यायाधीशांनी कोणता पुरावा ग्राह्य मानला व कोणत्या कारणाने, हे मात्र निकालपत्राच्या पानांतच राहिले.

अशी पोकळी रिकामी राहत नाही. मुंबईत अजमल कसाबवर खटला चालू असताना त्याने तुरुंगात बिर्याणी मागितल्याची वार्ता घरोघर पोहोचली. कसाबला ६ मे २०१० रोजी मृत्युदंड सुनावण्यात आला. आणि ती बिर्याणी आपणच रचलेली कथा होती, असे विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी २०१५ मध्ये स्वतःच सांगितले. निकालपत्रातील एखादे कारण आठवणारा प्रेक्षक विरळा. बिर्याणी मात्र सर्वांना आठवते.

‘जन्मठेप’ हा शब्दच घ्या. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. वस्तुतः गोपाळ गोडसे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच स्पष्ट केले की, शासनाने सूट दिली नाही तर जन्मठेप ही उर्वरित आयुष्यभराची शिक्षा होय. चौदा वर्षांचा आकडा १९७८ च्या दुरुस्तीने कायद्यात आला तो निराळ्या अर्थाने: ज्या गुन्ह्यांना मृत्युदंडही होऊ शकतो, अशा गुन्ह्यांतील जन्मठेपेच्या कैद्याला तेवढा काळ तुरुंगात काढण्यापूर्वी सोडता येत नाही. किमान मर्यादेलाच लोकांनी कमाल मर्यादा मानले.

शिक्षेची मात्रा ठरते कशी, हे तर त्याहून अपरिचित. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने दोषनिश्चितीनंतर शिक्षेसंबंधी आरोपीचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकण्याची तरतूद केली. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. आरोपीचे वय, पूर्वचरित्र, सुधारण्याची शक्यता यांचा विचार या टप्प्यावर व्हावा, ही अपेक्षा. पण आपल्याकडे भर न्यायालयात बहुधा निकालाचा अंतिम भागच वाचला जातो. तेवढ्याचेच चित्रीकरण केले, तर प्रेक्षकाच्या पदरी वर्षांची संख्या आणि दंडाची रक्कम यांखेरीज काय पडणार?

इंग्लंडमध्ये १९२५ च्या कायद्याने न्यायालयात छायाचित्रे घेण्यास बंदी घातली होती. ती अंशतः सैल झाल्यावर २८ जुलै २०२२ रोजी लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातून तेथील फौजदारी खटल्यातील शिक्षेचे प्रसारण प्रथमच झाले. पडद्यावर फक्त न्यायाधीश दिसतात; आरोपी, साक्षीदार, ज्युरी किंवा मृताचे नातलग दिसत नाहीत. तेथील न्यायाधीश गुन्ह्याची तीव्रता वाढविणाऱ्या व कमी करणाऱ्या बाबी मोठ्याने सांगतात, म्हणून त्या प्रसारणाला अर्थ आहे. कॅमेऱ्याचे श्रेय त्यात थोडेच. खरे श्रेय कारणे बोलून दाखविण्याच्या प्रथेचे. अर्थात पुराव्याचे दिवस प्रेक्षकाने पाहिलेले नसतात, ही उणीव तेथेही उरतेच.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये थेट प्रक्षेपणाला तत्त्वतः मान्यता दिली आणि २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांचे कामकाज नागरिकांना घरबसल्या पाहता येऊ लागले. तेथे चर्चा होते ती राज्यघटनेच्या अर्थाची. माणसाला शिक्षा प्रथम सुनावली जाते ती सत्र न्यायालयात, आणि तेथे साक्षीदाराच्या सुरक्षिततेचा प्रश्न अधिक बिकट असतो. छोट्या गावात पडद्यावर दिसलेला चेहरा दुसऱ्या दिवशी बाजारात ओळखला जातो. म्हणून आरंभ करावयाचा तर न्यायाधीशांनी वाचून दाखविलेल्या शिक्षेच्या कारणांपासूनच करणे इष्ट.

१५ एप्रिल २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डॉ. सेन यांना जामीन दिला. डिसेंबरात ‘जन्मठेप’ एवढाच शब्द ऐकलेल्या प्रेक्षकाने आता ‘जामीन’ हा शब्द ऐकला. त्या आदेशाने दोषनिश्चिती रद्द झालेली नव्हती. केवळ अपील प्रलंबित असताना त्यांना तुरुंगाबाहेर राहण्याची मुभा मिळाली होती.