आठ वाजताची चटई

संध्याकाळचे आठ वाजत आले की सिकंदराबादच्या लालागुडा, मेट्टुगुडा, तिरुमलगिरी या भागांतल्या कितीतरी घरांत थोडी धांदल उडते. कुकरची शेवटची शिट्टी होऊ द्यायची, गॅस बंद करायचा, टीव्हीचा आवाज घालवायचा, आतल्या खोलीतल्या पोराला दोनदा हाक मारायची. सोफा असला तरी त्याच्यापुढे चटई अंथरली जाते. आजी भिंतीला टेकून बसते. आई ओले हात पदराला पुसते आणि तोच पदर डोक्यावर घेते. कुणीतरी गाणे उचलते, सुरात असो नसो. मग बायबलातला एखादा उतारा आणि त्यानंतर ज्याची त्याची दोन-चार वाक्ये: उद्याचा पेपर, काकांचा गुडघा, दुबईहून न आलेला फोन. पंधरा-वीस मिनिटांत चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी राहते आणि ताटे मांडली जातात.

याला तेलुगू ख्रिस्ती माणूस 'कुटुंब प्रार्थना' म्हणतो. मराठी कानाला हा शब्द परका वाटायचे कारणच नाही. नगर-जालन्याकडच्या ख्रिस्ती घरांतही तो असाच चालतो. बाहेरच्या माणसाला ख्रिस्ती श्रद्धा म्हटली की रविवार, घंटा आणि लाकडी बाके आठवतात. ते सगळे खरेच आहे, पण आठवड्यातला एक दिवस. उरलेले सहा दिवस ही श्रद्धा राहते ती ओट्यापाशी, जेवणाच्या ताटापुढे आणि या चटईवर.

सिकंदराबादला चर्चची वाण कधीच नव्हती. तिसरा निजाम सिकंदर जाह याच्या नावाने १८०६ साली वसलेले हे गाव मुळात इंग्रजांची छावणी. पलटणी आल्या, त्यांच्यामागून पाद्री आले. सेंट जॉन्स चर्च १८१३ सालचे. आयरिश शिपायांसारख्या कॅथलिकांना आपले देऊळ हवे होते. सेंट मेरीज उभे राहिले १८५० मध्ये, आणि २००८ साली त्याला बॅसिलिकाचा मान मिळाला. आज तिथे इंग्रजी, तेलुगू आणि तमिळ अशा वेगवेगळ्या भाषांत मिस्सा होते. बोलारमचे होली ट्रिनिटी १८४७ चे. पुढे रेल्वे आली, लालागुड्याला कारखाना झाला, आणि लष्करी शिस्तीच्या जोडीला रेल्वेच्या वेळापत्रकाची शिस्तही या वस्त्यांत मुरली. आठ म्हणजे आठ, ही सवय बहुधा या दोन्हींकडून आलेली असावी. तसा पुरावा नाही, पण रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्या माणसाला हे सांगून बघावे. तो हसून मान डोलावतो.

घरची प्रार्थना नेटाने रुजवली ती मात्र मेथडिस्टांनी. त्यांच्या वेस्लियन मिशनने १८८० च्या सुमारास इथे काम सुरू केले. चार्ल्स वॉकर पॉस्नेट हे १८९५ साली सिकंदराबादला आले ते गोऱ्या शिपायांचे पाद्री म्हणून, पण त्यांचे लक्ष लागले आसपासच्या खेड्यांकडे, आणि ते मेदकला जाऊन राहिले. दुष्काळात लोकांना हाताला काम आणि पोटाला अन्न मिळावे म्हणून त्यांनी बांधायला घेतलेले मेदकचे कॅथीड्रल २५ डिसेंबर १९२४ रोजी खुले झाले. हैदराबादहून सहलीला जाणारे लोक त्याची रंगीत काचांची तावदाने बघून येतात. खेड्यापाड्यांतल्या मंडळीला मात्र रोज मेदकला जाता येत नव्हते आणि पाळक महिन्यातून एखाद्या वेळी यायचा. मग रोजचे चर्च घरातच भरवणे भाग होते. चटईचा उगम काहीसा असा गरजेतून आहे.

त्याच्याही मागे एक स्वयंपाकघर आहे, इंग्लंडमधल्या एपवर्थ गावचे. मेथडिस्ट चळवळ ज्यांच्यापासून निघाली त्या जॉन आणि चार्ल्स वेस्ली या भावांची आई सुझॅना हिची एकोणीस बाळंतपणे झाली. त्यातली दहाच मुले मोठी झाली. नवरा पाद्री, डोक्यावर कर्ज, घर एकदा जळून खाक झालेले. एवढ्या गोकुळात एकांत कुठला? सांगतात की प्रार्थना करायची झाली की ती कमरेचा एप्रन उचलून डोक्यावरून घ्यायची, आणि एप्रनखाली आई दिसली की पोरे गप्प व्हायची. गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेलेली आहे, थोडा मीठमसाला लागलेला असेल. पण तिच्या स्वतःच्या पत्रातली नोंद पक्की आहे: आठवड्यातली प्रत्येक संध्याकाळ तिने एकेका मुलाशी एकटीने बोलण्यासाठी राखून ठेवली होती. गुरुवार जॉनचा. नवरा लंडनला गेला असताना १७१२ च्या सुमारास तिने रविवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात मुलांसाठी प्रार्थना सुरू केली. आधी नोकरमाणसे येऊन बसली, मग शेजारी, आणि बघता बघता दोनशेच्या आसपास माणसे जमू लागली. बाईने उपासना चालवावी हे नवऱ्याला रुचले नाही. बंद करायचेच असेल तर तसा स्पष्ट हुकूम द्या, असे तिने कळवले. हुकूम काही आला नाही.

एप्रन आणि पदर यांत फार अंतर नाही. प्रार्थनेच्या वेळी स्त्रीने डोके झाकावे ही रीत पौलाच्या पत्रातून आलेली, आणि आपल्याकडे पदर होताच. देवासमोर, वडीलधाऱ्यांसमोर तो डोक्यावर जायचाच. धर्म बदलला तरी हाताची ती हालचाल बदलली नाही.

मराठीत या घरगुती श्रद्धेचे सर्वांत जिवंत चित्र कुणी काढले असेल तर लक्ष्मीबाई टिळकांनी. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंच्या संसाराची उभी चिरफाड झाली. काही वर्षे त्या माहेरच्या माणसांत राहिल्या. पुढे नवऱ्याकडे परतल्या त्याही सोवळ्यासकट. नवरा ख्रिस्ती, आणि बायको त्याच्याच घरात सोवळे सांभाळून. कुठल्या प्रवचनाने त्यांचे मन वळले नाही. ते वळले रोजच्या जगण्यातून, आजाऱ्याच्या उशापाशी, परक्या पोराला न्हाऊ घालताना. त्यांचे 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले. त्यात शांत, सात्त्विक, अगरबत्तीच्या धुरातले घर शोधणाऱ्याची निराशा होते. टिळक घरातली चीजवस्तू कुणालाही देऊन टाकणार, वेळी-अवेळी पाहुणे आणणार. अनाथ मुले घरात, बालकवी ठोंबरे घरात, आणि पैशाचा कायम खडखडाट. नवरा-बायकोची भांडणे बाईंनी लपवली नाहीत. ती इतक्या मिश्कीलपणे लिहिली आहेत की वाचणाऱ्याला हसू आवरत नाही. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे ओवीबद्ध पूर्ण केले.

घरातली शांती म्हणजे आवाज नसणे, ही समजूत एवढ्या पुराव्यानंतर टिकू नये.

सिकंदराबाद आणि मराठी ख्रिस्ती माणूस यांचे नातेही जुने आहे. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झालेले ब्राह्मण. त्यांच्या धाकट्या भावाला, श्रीपतीला, परत हिंदू धर्मात घ्यावे की नाही यावरून तेव्हा मोठे वादळ उठले होते आणि बाळशास्त्री जांभेकर त्याच्या शुद्धीकरणाच्या बाजूने उभे राहिले होते. नारायणरावांनी पुढे जालन्याला काम केले आणि निजामाचे दिवाण सालार जंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर 'बेथेल' नावाचे गाव वसवले: शेती, विहिरी, शाळा, चर्च आणि घरे. मनमाड ते सिकंदराबाद रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली आणि औरंगाबाद, जालना, नांदेड एका रुळावर आले. नोकरीसाठी, दवाखान्यासाठी, शिक्षणासाठी माणसे त्या रुळावरून ये-जा करू लागली. मराठी माणसाच्या ट्रंकेत भजनांचे पुस्तक असे, तेलुगू शेजाऱ्याच्या घरी 'आंध्र क्रैस्तव कीर्तनलु', ज्यात गाण्याच्या माथ्यावर राग आणि ताल छापलेला. दोघांनाही हार्मोनियम चालायची.

हैदराबादने या सगळ्यात स्वतःची एक भर घातली ती बख्त सिंग यांच्यामुळे. १९०३ साली पंजाबात शीख घरात जन्मलेला हा माणूस परदेशात इंजिनिअरिंग शिकायला गेला, कॅनडात असताना ख्रिस्ती झाला आणि १९३३ मध्ये भारतात परतला. सिकंदराबादपासून जवळच, गोलकोंडा चौरस्त्यावरचे त्यांचे 'हेब्रोन' हे उपासनाघर आजही गजबजलेले असते. बाके नाहीत, जमिनीवर सतरंज्या, चपला दाराबाहेर, उपासना तासन्‌तास. ती आटोपली की सगळ्यांची एकत्र पंगत. त्या पंगतीला ते फार महत्त्व देत, कारण जात प्रवचनात मोडणे सोपे आणि ताटाशी मोडणे अवघड, हे त्यांना ठाऊक होते. त्यांच्या मोठ्या मेळाव्यांत भाजी चिरणे, पाणी भरणे, भांडी घासणे ही कामे स्वयंसेवक वाटून घेत. १७ सप्टेंबर २००० रोजी हैदराबादेतच ते वारले.

भांड्यांचा विषय निघालाच आहे तर थोडे थांबायला हवे. घरची प्रार्थना, घरची शांती यावर गोड बोलणाऱ्यांना एक प्रश्न विचारता येतो: आठ वाजेपर्यंत स्वयंपाक कुणी उरकलेला असतो? रविवारी चर्चला जाण्याआधी बिर्याणीचे मटण कोण लावून ठेवते? सुझॅनाच्या काळापासून उत्तर एकच आहे: घरच्या बाईने. स्वयंपाकघरातला एक पुरुषही प्रसिद्ध आहे: सतराव्या शतकातले पॅरिसचे ब्रदर लॉरेन्स, कार्मेलाइट मठातले आचारी. कढया घासतानाही आपण देवापाशीच असतो, असे त्यांचे सांगणे त्यांच्या मृत्यूनंतर, म्हणजे १६९१ नंतर, पुस्तकरूपाने जगभर गेले. ते वाचून हेलावणाऱ्या पुरुषवाचकांपैकी किती जण उठून कढईला हात लावतात, हे ज्याने त्याने बघावे. सिकंदराबादच्या तरुण जोडप्यांत थोडा फरक पडतो आहे. दोघेही नोकरीला जाणारी. एक जण पोळ्या लाटतो, दुसरी बायबलातला उतारा मोबाइलवर लावून ऐकवते. चटई नाही, ओट्याला टेकूनच प्रार्थना. आज्यांना हे पसंत नसते.

दुसरी अडचण अधिक नाजूक. प्रार्थनेने भांडण मिटते तसे दडपलेही जाते. सासू-सुनेचा तंटा धुमसत असताना 'चला, प्रार्थना करू' असे म्हटले की जिचे म्हणणे ऐकलेच गेलेले नाही तिचे तोंड बंद होते. सूर्य मावळायच्या आत राग सोडावा, असा पौलाचा सल्ला आहे. त्यासाठी सूर्य मावळायच्या आत बोलायलाही हवे. शहाणे पाळक हे ओळखतात. लेंट म्हणजे उपवासकाळ सुरू झाला की अनेक मंडळ्यांत रोज संध्याकाळी एकेका घरी 'कॉटेज प्रार्थना' भरते. तेव्हा अय्यगारु, म्हणजे पाळक, प्रार्थना संपली तरी चहाच्या निमित्ताने तासभर रेंगाळतात. खरे बोलणे चहाच्या वेळीच निघते. कॅथलिक घरांत हे काम ऑक्टोबरातली जपमाळ करते: मरियेची मूर्ती आज या घरी, उद्या त्या घरी, आणि तिच्यामागून शेजारीपाजारी. ज्यांच्याशी वर्षभर बोलणे नाही त्यांच्याही दारात जावे लागते.

सगळ्यांत जास्त हाल चटईचे केले ते घड्याळाने. हायटेक सिटीत रात्रपाळी करणाऱ्या मुलाचा दिवसच आठला सुरू होतो. धाकटीचा कोचिंग क्लास साडेआठला सुटतो. कुठे प्रार्थना रात्री दहावर गेली, कुठे पहाटे पाचवर, कुठे ती व्हिडिओ कॉलवर होते: टेक्सासमध्ये लेकाची सकाळ, मारेडपल्लीत आईची रात्र. नेट अडकले की गाणे दोन तुकड्यांत ऐकू येते. एकमेकांना 'वंदनालु' म्हणून फोन ठेवला जातो. वेळ बदलली तरी वेळ ठरलेली असणे लोक सोडत नाहीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मिझोरममध्ये बायका रोज भात शिजवताना एक मूठ तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात; 'बुहफाई थाम' नावाची ही रीत १९१० पासून चालू आहे. तिथे मूठ ठरलेली, इथे घटका ठरलेली.

डिसेंबर लागला की सज्ज्यांत कागदी तारे लोंबू लागतात. तेलुगू घरांत लोखंडी साचा पिठात बुडवून तेलात सोडलेले 'गुलाबी पुव्वुलु', अँग्लो-इंडियन घरांत कलकल, मराठी ख्रिस्ती घरांत नाताळच्या करंज्या आणि शंकरपाळी. आणि ३१ तारखेला मध्यरात्रीची 'वॉच नाइट', जिचे वळण वेस्लींच्या काळापासूनचे. त्या रात्री अनेक चर्चमध्ये प्रत्येक कुटुंबाला नव्या वर्षासाठी बायबलातले एक वचन मिळते. तेलुगूत त्याला 'वाग्दानम' म्हणतात. मराठी माणूस हा शब्द ऐकून क्षणभर दचकतो, कारण आपल्याकडे वाग्दान मुलीचे होते. इथे ते एका छापील कार्डावर येते. कुणी टोपलीतून उचलते, कुणाला अय्यगारु हातात देतात. रात्री एक-दीडला घरी परतल्यावर, केकचा तुकडा तोंडात असतानाच, ते कार्ड चटईसमोरच्या भिंतीवर खिळ्याला लागते. जुने काढून आजीच्या बायबलात जाते. काही घरांतली ती बायबले इतक्या वर्षांच्या कार्डांनी फुगलेली आहेत, नीट मिटत नाहीत. वरून रबर लावून ठेवावे लागते.