सुट्टीतली पहिली कमाई

मार्च सरत आला की आमच्या सांगलीत दोन वास हमखास येतात. मार्केट यार्डाकडून हळदीचा, आणि गच्चीगच्चीवरून कुरडयांच्या चिकाचा. याच दिवसांत बारावीची परीक्षा संपलेली असते, कॉलेजवाल्यांची जवळ आलेली असते, आणि "आई, सुट्टीत काय करू?" हा प्रश्न दिवसातून दहादा कानावर पडू लागतो.

मागच्या वर्षी आमच्या घरी हा प्रश्न जरा वेगळ्या तऱ्हेनं आला. माझी पुतणी तेव्हा बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला होती. भाऊजींच्या आजारपणामुळे दुकान चार महिने बंद. एका रात्री जेवताना ती म्हणाली, "काकू, मला सुट्टीत कुठं तरी काम बघून दे ना. पुढच्या वर्षाची फी मी भरणार."

जाऊबाईंचा घास हातातच राहिला. "लोक काय म्हणतील? बापाला पोरीची फी जड झाली म्हणतील!" सासूबाईंनीही त्यांचीच री ओढली.

मैत्रिणींनो, माझं माहेर साताऱ्याचं. माझे वडील तिथल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात 'कमवा आणि शिका' योजनेतून शिकले. पहाटे शेतात राबायचं, आंघोळ करून तासाला बसायचं. हातावरचे घट्टे ते आम्हांला कौतुकानं दाखवायचे. त्यामुळे सुट्टीत काम करण्यात कमीपणा असतो, हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही.

त्या रात्री मी सासूबाईंना कर्मवीर भाऊराव पाटलांची गोष्ट सांगितली. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं तिथं एकत्र राहायची, स्वतःचं काम स्वतः करायची. स्वावलंबी शिक्षण हेच संस्थेचं ब्रीद. पुढं १९४७ साली निघालेलं शिवाजी कॉलेजही याच विचारावर उभं राहिलं. आणि लक्ष्मीबाई! वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी त्या माउलीनं अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा राखलं नाही. "तिथं कुणी विचारलं का, लोक काय म्हणतील?" असं मी म्हटलं तेव्हा सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "पोरीला दिवेलागणीच्या आत घरी आण म्हणजे झालं."

माझी चूक

परवानगी मिळाली. आता काम? ओळखीच्या एका दुकानात हिशेबाला आणि गिऱ्हाइकाला बघायला मुलगी हवी होती. मीच शब्द टाकला. पगार किती, कधी, सुट्टी कोणती, यातलं काहीच कागदावर घेतलं नाही. घरच्यासारखी माणसं, त्यांना काय विचारायचं!

पहिल्या महिन्याचे पैसे वेळेवर आले. पोरीनं ते देवापुढं ठेवले आणि त्यातून आजीसाठी औषधाची बाटली आणली. नंतरच्या पंधरा दिवसांचे मात्र "उद्या या", "परवा या" असं सुरू झालं. शेवटी मी स्वतः गेले. निम्मे हातावर ठेवून मालक म्हणाले, "शिकायला मिळालं ना तिला?" उरलेले पैसे आजवर आलेले नाहीत.

घरी येताना मला तिच्याकडं बघवेना. तीच म्हणाली, "काकू, वाईट नको वाटून घेऊ. पुढच्या वेळी आधी लिहून घेऊ." त्या एका वाक्यानं मला हा लेख लिहायला बसवलं.

कामं कुठं असतात?

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत उन्हाळा म्हणजे हंगाम. तासगावकडं बेदाण्याची शेड्स चालू असतात. तिथं निवडणीला, प्रतवारीला, वजनाच्या नोंदींना माणसं लागतात. सांगलीत हळदीच्या व्यापाऱ्यांकडं आवक-जावक लिहिणारा हात हवा असतो. महाबळेश्वर-पाचगणीला एप्रिल-मे पर्यटकांचे. हॉटेलं, सरबत-जॅमची दुकानं, सगळीकडं गर्दी. २०१७ साली 'पुस्तकांचं गाव' झालेलं भिलार तिथंच आहे. साताऱ्याच्या कासला फुलांचा बहर येतो तो मात्र पावसाळ्याच्या शेवटी, म्हणजे त्या कामाची चौकशी आधी करून ठेवावी लागते.

उन्हात जाणं झेपत नसेल तर शहरातही कामं आहेत. सी. ए. लोकांच्या कचेऱ्यांत आयकराच्या विवरणपत्रांच्या दिवसांत कागद लावायला, आकडे भरायला मदतनीस लागतात. शाळा सुरू होताना वह्या-पुस्तकांच्या आणि गणवेशाच्या दुकानांत झुंबड उडते. शेजारच्या चार मुलांची शिकवणी घेणं हे तर घरबसल्या जमतं. पण मे महिन्यात चौकशीला निघालात तर जागा भरलेल्या असतात. फेब्रुवारी-मार्चमध्येच विचारून ठेवा.

शिकता शिकता उमेदवारी

चार आठवड्यांचं काम वेगळं आणि उमेदवारी वेगळी. कारखान्यांतली शिकाऊ उमेदवारी १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली येते. त्यात लेखी करार असतो आणि दरमहा विद्यावेतन द्यावंच लागतं. आय. टी. आय., पदविका आणि पदवी झालेल्यांसाठी सरकारी संकेतस्थळांवर नोंदणी होते. आपल्याकडं किर्लोस्करवाडीसारखं १९१० पासूनचं उद्योगाचं गाव आहे, सांगली-मिरजेला आणि साताऱ्याला औद्योगिक वसाहती आहेत. मुलगा किंवा मुलगी शेवटच्या वर्षाला असतानाच ही चौकशी सुरू करावी.

नव्या शैक्षणिक धोरणात तर पदवीच्या अभ्यासक्रमातच प्रत्यक्ष कामाचा अनुभव आला आहे आणि त्याला श्रेयांक मिळतात. म्हणून कॉलेजात प्राध्यापकांना विचारा : "सुट्टीतलं हे काम त्यात धरलं जाईल का?" एक पत्र आधी घेतलं तर एकाच कष्टात दोन्ही साधेल. बऱ्याच कॉलेजांत आणि विद्यापीठांत 'कमवा आणि शिका' योजनाही असते. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत रोज थोडे तास काम. त्याची सूचना फळ्यावर लागते आणि आपली पोरं फळा वाचत नाहीत, हे मी शिक्षिका म्हणून सांगते!

आईनं एवढं बघावं

पहिलं वय. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं हा गुन्हा आहे. शाळा सांभाळून किंवा सुट्टीत घरच्याच व्यवसायात हातभार लावायला तेवढी मुभा आहे. चौदा ते अठरा या वयात धोक्याच्या कामांना २०१६ च्या दुरुस्तीनं बंदी आहे. तेव्हा दहावीच्या पोराला फटाक्याच्या किंवा स्फोटकांच्या कामावर पाठवू नका, मालक ओळखीचा असला तरी.

दुसरं, कागद. साध्या वहीच्या पानावर चालेल : कामाचे तास, पगार, पगाराची तारीख, दोघांच्या सह्या. पगार शक्यतो बँकेच्या खात्यात घ्यावा. हजेरीची नोंद मुलीनं आपल्याही डायरीत रोज ठेवावी.

तिसरं, कामासाठी पैसे मागणारा मालक हा मालक नव्हे. "आधी नोंदणी फी भरा, घरबसल्या रोज दोन हजार मिळवा" असे निरोप मोबाईलवर येतात. त्यांना उत्तरच देऊ नका. मूळ गुणपत्रिका कुणाच्या ताब्यात ठेवू नका, ओटीपी सांगू नका. फसगत झालीच तर रडत न बसता लगेच १९३० या क्रमांकावर कळवा. जितकं लवकर कळवाल तितकी पैसे वाचण्याची आशा जास्त.

चौथं, पहिल्या दिवशी आपण स्वतः जाऊन जागा बघावी. मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, आणखी बायका कामाला आहेत का, परतीची एस. टी. किती वाजता, हे विचारताना लाजू नये. पोरगी लाजेल, आपण नाही.

आणि डबा! उन्हाच्या दिवसांत ओल्या नारळाची चटणी, दहीभात दुपारपर्यंत टिकत नाही. दशमी, शेंगदाण्याची चटणी, कांदा द्यावा. बाटलीत कोकमाचं किंवा लिंबाचं सरबत, चिमूटभर मीठ घालून.

यंदा पुतणीला एका सी. ए.कडं काम मिळालं आहे. पहिल्याच दिवशी तिनं पिशवीतून एक कागद काढून साहेबांपुढं ठेवला. तास, पगार, तारीख, सगळं आधीच लिहून नेलं होतं. साहेब हसले आणि सही केली म्हणे. हे ऐकल्यावर जाऊबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र सहालाच उठून त्या दशम्या लाटत होत्या.